जेवायच्या वेळेला

मॅथ्री
१७ जून १९६२

प्रिय एम्लिन,

पहिलं गवत घरात आलं, गायी ठीक आहेत, माझा गुडघा तसाच. ख्यालीखुशाली संपली, आता मुद्द्याचं.

आईला तुम्हाला भेटायचंय. तुला एकट्याला नाही, शीला आणि मुलांसकट सगळ्यांना. बाबांच्या मातीला तू आला होतास त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर नाताळला तुझं कार्ड येतं आणि त्यावर नुसती सही असते. सही करणारा जिवंत आहे एवढंच आम्हाला कळतं.

त्या दिवशी ती काय बोलली ते मला आठवतं, तुला तर पाठच असेल. "या मुलांशी मी बोलू तरी कशी? मुक्या वासरांशी बोलल्यासारखं होतं." सगळ्यांसमोर बोलली, तिचं चुकलं. पण मुलांना वेल्श येत नाही आणि तिला इंग्रजी येत नाही, हे खोटं होतं का? तू चहाला न थांबता मुलांना हाताला धरून संध्याकाळच्या बसनं निघून गेलास. तिनं तुमची ताटं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टेबलावरून उचलू दिली नाहीत.

आता गंमत ऐक. यांटो पोस्टमन सकाळी पत्रं घेऊन आला की आई त्याला दारातच अडवते आणि त्याच्याकडून इंग्रजी शिकते. यांटोचं इंग्रजी ते केवढं, पाकिटांवरचे पत्ते वाचण्यापुरतं. तरी आतापर्यंत तीन वाक्यं झाली आहेत. "तुझं नाव काय?" "शाळा आवडते का?" आणि "भूक लागली का तुला?" तिसरं सगळ्यात चांगलं जमतं. काल गोठ्यात गेले तर ही गायीला इंग्रजीतून भूक लागली का विचारत होती. गाय हो म्हणाली असावी, कारण आईनं तिला आणखी पेंड घातली.

या उन्हाळ्यात या रे. नाही म्हणायचं असेल तर निदान सहीच्या वर एक ओळ लिही.

तुझी बहीण,
मार्गेड

स्लाऊ
२६ जून १९६२

प्रिय मार्गेड,

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन कामावर जात होतो. गायीचं वाचून हसलो आणि मग शेजारच्या यंत्रावरच्या माणसानं विचारलं, डोळ्यांत काय गेलं.

घरी मात्र नको. रागानं म्हणत नाही. त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मी पुन्हा बारा वर्षांचा होतो. आई माझ्या चुका काढते, मी उलट बोलतो आणि शीला भिंतीशी उभी राहून हसत असते, कारण तिला एक शब्द कळत नाही. तिला वाटतं सगळे तिच्याचबद्दल बोलताहेत. कधीकधी ते खरंही असतं.

बाहेर कुठेतरी भेटू या. टिदेवीला जमेल का? बाबा आपल्याला वर्षातून एकदा न्यायचे, चौकातल्या दगडी क्रॉसच्या पायऱ्यांवर बसवायचे आणि "हलाल तर खबरदार" म्हणून स्वतः गप्पा मारायला गायब व्हायचे. शीला त्याला सेंट डेव्हिड्स म्हणते. शहर आहे म्हटल्यावर तिनं विचारलं, मोठी दुकानं असतील ना? मी म्हटलं, आमच्या कारखान्याच्या एका पाळीत तिथल्यापेक्षा जास्त माणसं असतात, पण कथीड्रल आहे म्हणून शहर.

शनिवार, २८ जुलै. त्याआधीचा आठवडा आम्ही रेडिंगला शीलाच्या आईकडे असू, तिथूनच परस्पर गाडीनं हूलफर्दला येऊन खोली घेऊ आणि शनिवारी बसनं टिदेवीला. रविवारी परत निघायलाच हवं, सोमवारी काम आहे. म्हणजे एकच दिवस. एक दिवस तर सगळे नीट वागू शकतील.

आईला सांग, वासरं मोठी झाली आहेत.

एम्लिन

मॅथ्री
५ जुलै १९६२

प्रिय एम्लिन,

टिदेवी ऐकल्यावर आई म्हणाली, "का? घराचं छप्पर पडलंय का आपल्या?" आणि दहा मिनिटांनी वर जाऊन टोपीचा डबा काढून बसली. ती काळी, बाजूला पीस असलेली. पीस कसरीनं खाल्लंय. आता नवीन पीस हवं म्हणून शेजारच्या विल ट्रेफेलिनच्या कोंबड्यावर तिचा डोळा आहे.

कथीड्रल बघायला तिची हरकत नाही. "चर्चवाल्यांचं आहे, आपण चॅपलवाले. बघेन, पण बसणार नाही," असं तिनं जाहीर केलंय. आपल्या चॅपलच्या पाळकांना आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे मागाहून कोणी चुगली करायला नको. पण खाली उतरायच्या पायऱ्या फार आहेत आणि हल्ली ती जरा लवकर दमते. वय झालं आता. तेव्हा दुरूनच बघू.

क्रॉससमोरच्या खाणावळीत टेबल सांगून ठेवलंय. कोकराचं मटण, नवे बटाटे, वाटाणे. आईला विचारलं, आणखी काय हवं? म्हणाली, "सगळे एका टेबलाला बसू देत, मटण नसलं तरी चालेल." तिला खरोखर एवढंच हवंय, एम्लिन. एकदा सगळे तिच्यासमोर बसून जेवलेले बघायचेत. बाकी दिवसात काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तर जेवायच्या वेळेला क्रॉसपाशी भेटू. वेळ वेगळी सांगायला नको, तू काय परका आहेस?

मार्गेड

स्लाऊ
१५ जुलै १९६२

प्रिय मार्गेड,

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहितेय, तेही इंग्रजीत, याबद्दल आधीच माफ करा. एम्लिन तुमची पत्रं मला वाचून दाखवतो. वेल्शमधून वाचतावाचता इंग्रजी करतो आणि मध्येच थांबून हसतो. मी विचारलं की म्हणतो, हे इंग्रजीत सांगता येणार नाही.

मी फार घाबरले आहे. त्या वेळी मला काहीच कळलं नव्हतं, फक्त एम्लिनचा चेहरा कळला होता. या खेपेला सगळं नीट व्हावं असं मनापासून वाटतं. कॅरल आता आठ वर्षांची आहे, पीटर सहाचा. दोघंही 'मामगी' म्हणायला शिकलेत. पीटर म्हणतो, नुसती आजी तर सगळ्यांनाच असते, मामगी फक्त आपल्याला. कॅरलला एम्लिननं एक पूर्ण वाक्यही शिकवलंय, पण ते आजींनाच आधी ऐकवायचंय म्हणून तिनं मला सांगायची बंदी केली आहे.

पोरं समुद्रावर गेली की वाळूनं भरतात, म्हणून जेवणाचे चांगले कपडे मी वेगळ्या पिशवीत आणणार आहे. तिथे कपडे बदलायला कुठे जागा मिळेल का? आजींसमोर त्यांनी नीटनेटकं बसावं असं मला वाटतं.

तुमची,
शीला

मॅथ्री
२१ जुलै १९६२

प्रिय एम्लिन,

शीलाचं पत्र आलं. चांगली बाई आहे रे, तू उगीच लपवून ठेवलीस. मी आईला त्याचं वेल्श करून सांगितलं. जेवणाचे कपडे वेगळे म्हटल्यावर आई म्हणाली, "राणी येणार आहे का जेवायला?" पण खूष झाली. मामगीचं ऐकल्यावर उठून चुलीतले निखारे सारखे करत बसली.

शीलाला सांग, कपडे बदलायची भानगडच नको. समुद्र जेवणानंतर. आधी पोटभर जेवायचं, मग अख्खी दुपार आपली. विल त्याच्या गाडीतून आम्हाला आणणार आहे आणि धारा काढायच्या वेळेला त्याला परतावंच लागतं, तेव्हा उशीर करू नका.

नव्या पिसाची सोय झाली. कोंबडा अजून लंगडतोय.

मार्गेड

हूलफर्द
२८ जुलै १९६२, रात्री

मार्गेड,

मुलं झोपली आहेत. शीला म्हणते लिहू नकोस, सकाळी काहीतरी वाहन करून घरी जा. मी जाणार नाही. रविवारी बस नसते हे एक निमित्त आहे, खरं कारण तुला माहीत आहे.

आम्ही आलो होतो. चांगले कपडे घालून क्रॉसच्या पायऱ्यांवर बसलो, मी बसायचो तसे. खाणावळीचं दार बंद, आत अंधार. टेबल सांगितलंय म्हणालीस ना? कोणासाठी सांगितलं होतंस? कॅरल दर थोड्या वेळानं तिचं वाक्य पुटपुटत होती, विसरू नये म्हणून. पीटरनं काळी टोपी घातलेल्या तीन बायकांना मामगी म्हणून हाक मारली. तिघीही थांबल्या, हसल्या आणि गेल्या. शेवटच्या बसपर्यंत थांबलो आणि मग बटाट्याचे काप घेऊन बसमध्येच खाल्ले.

ती यायचीच नाही म्हणाली असेल तर तसं लिहायचं होतंस. मी मुलांना काहीतरी सांगितलं असतं. शीलानं पिशवीतले कपडे नीट घड्या घालून परत ठेवले. मला ते बघवलं नाही.

तिला सांग, पुन्हा बोलावू नकोस.

एम्लिन

मॅथ्री
२९ जुलै १९६२

एम्लिन,

तू आला नाहीस. वाटेत काही झालं की काय म्हणून काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आज सकाळी पाळकांच्या फोनवरून हूलफर्द स्टेशनात विचारलं. ते म्हणाले, शुक्रवारची गाडी वेळेवर आली, अपघात वगैरे काही नाही. म्हणजे तू सुखरूप आहेस. मग आता मला राग यायला हरकत नाही.

आईनं सकाळपासून टोपी घातली होती. गाडीतही काढली नाही. क्रॉससमोरच्या बाकावर मांडीवर दोन्ही हात ठेवून बसली आणि तिची वाक्यं म्हणत राहिली. हूलफर्दची बस आली की उठून उभी राहायची. सगळी माणसं उतरून दार बंद होईपर्यंत उभीच. मी म्हटलं, आई, बस, त्यांना दिसशील तू. म्हणाली, "मुलांना मी दिसले पाहिजे, ती मला ओळखत नाहीत."

खाणावळवाल्या बाईनं आमच्यासाठी स्वयंपाक झाकून ठेवला, मग तिलाही आवरून दार लावायचं होतं. आई आत गेलीच नाही. "एकटी कशी बसू टेबलाला?" चार वाजता विल आला. त्याच्या गायी थांबणार नव्हत्या. गाडीत बसताना ती एवढंच म्हणाली, "मी वासरं म्हणाले होते ना." घरी येऊन झोपली ती अजून उठलेली नाही.

तू मोठा माणूस झालास. रागानंही मोठाच झालास.

मार्गेड

स्लाऊ
३१ जुलै १९६२

मार्गेड, अगं मार्गेड,

काल पहाटे घरी आलो तर दारात, आतल्या पायपुसण्यावर, तुझं एकवीस तारखेचं पत्र पडलं होतं. आम्ही त्याच दिवशी सकाळी रेडिंगला गेलो होतो. "आधी पोटभर जेवायचं, मग अख्खी दुपार आपली." मी जोडे न काढता तिथेच जमिनीवर बसलो. शीलाला वाटलं कोणीतरी गेलं. आज तुझं दुसरं पत्र आलं.

आपल्या घरात जेवण म्हणजे दुपारचं. संध्याकाळी होतो तो चहा, मग त्यात हॅम असो की अंडी. हे मला कोणी शिकवायला हवं का? शीलाच्या घरी जेवण म्हणजे रात्रीचं. तुझ्या पत्रात 'किन्यो' होतं. मी ते तिला वाचून दाखवताना 'डिनर' म्हटलं. ती म्हणाली, मग दिवसभर मुलांना समुद्रावर नेता येईल. आणि मी म्हणालो, हो, छान होईल. बारा वर्षं तिच्या वेळेला जेवतोय. माझ्या पोटाला आता आपली वेळ आठवत नाही, मार्गेड.

आणि अजून एक. सकाळच्याच बसनं आम्ही निघालो होतो. न्यूगलला समुद्र दिसला, मुलं ओरडायला लागली, म्हणून तिथे उतरलो. दुपारभर वाळूत किल्ले केले. आमच्याशिवाय जी बस पुढे गेली, ती आईसमोर जाऊन थांबली असणार आणि आई उभी राहिली असणार. मी तेव्हा पीटरच्या पायातली वाळू झटकत होतो.

तिला आजच सांग. यांटोच्या हातून पत्र मिळाल्या मिळाल्या सांग. आणि परवा हूलफर्दहून पाठवलेलं माझं पत्र जाळून टाक.

कॅरलचं वाक्य आता लपवण्यात अर्थ नाही. "मामगी, मला भूक लागलीय."

एम्लिन

मॅथ्री
४ ऑगस्ट १९६२

प्रिय एम्लिन,

सांगितलं. पलंगाशी बसून सगळं सांगितलं, न्यूगलसकट. तिनं विचारलं, "म्हणजे आला होता?" मी म्हटलं, आला होता, चौघंही आली होती, पायऱ्यांवर बसली होती. "पायऱ्यांवर?" हो. "हलला नाही ना?" आणि मग हसायला लागली. इतकी हसली की मला तिला धरून बसावं लागलं. मग आम्ही दोघी रडलो.

कॅरलचं वाक्य तिनं माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. म्हणाली, "बघ, मी विचारायच्या आधीच पोरीनं उत्तर पाठ केलं."

आता मी लपवलं ते सांगते. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, हृदय फार थकलंय, हिवाळा काढेल असं सांगता येत नाही. तुला कळवू नकोस असं तिनं बजावलं होतं. "दयेनं आलेला मुलगा मला नको, भूक लागली म्हणून आलेला हवा." मीही ऐकलं. तेव्हा नुसतं 'वय झालं' असं न लिहिता खरं लिहिलं असतं, तर तू घरीच आला असतास आणि क्रॉसची भानगडच झाली नसती. हे माझ्या मनातून जात नाही.

तिनं नवीन बेत केलाय. शनिवार, १८ ऑगस्ट. पुन्हा टिदेवी. घरी ये असं मी म्हटलं तर म्हणाली, "नाही. त्या बाकावरून मी रिकामी उठून आलेय, तिथेच जेवून दाखवायचंय." आणि जेवण रात्री! शीलाच्या वेळेला. खाणावळवाली त्या दिवसापुरतं संध्याकाळी उघडायला तयार झाली आणि धारा विलचा भाऊ काढेल. आई कालपासून सवय करतेय. दुपारी ताट नेलं की म्हणते, झाकून ठेव, मी रात्री जेवते, माझी सून रात्री जेवते. आपली आई. जिनं उभ्या जन्मात बारा वाजले की जेवण्याशिवाय दुसरं काही केलं नाही.

ये, एम्लिन.

मार्गेड

स्लाऊ
९ ऑगस्ट १९६२

प्रिय मार्गेड,

साहेबाला सांगितलं. शुक्रवारची रजा मिळाली. दुपारी जेवायचं की रात्री ते आई ठरवेल, आम्ही सकाळपासून तिच्याजवळ असू. तिला सांग, सकाळच्या बसमधून चौघंही तिच्यासमोर उतरू. तिला उठून उभं राहायची गरज नाही, मुलं तिला ओळखतील. पीटरनं पीस लावलेल्या टोपीचं चित्र काढून भिंतीवर लावलंय.

शीला विचारते, आजींना काय आणू? मी म्हटलं, भूक आण.

डॉक्टरांचं वाचून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तुझ्यावर राग नाही. चार वर्षं माझ्याकडेही बसचं वेळापत्रक होतंच. एवढे दिवस तिला सांभाळ, मार्गेड. शनिवार काही लांब नाही.

एम्लिन

मॅथ्री
१५ ऑगस्ट १९६२

प्रिय एम्लिन,

तार तुला मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहिते.

काल सकाळी तिनं यांटोला दारात थांबवायला लावलं आणि चौथं वाक्य मागितलं. "आणखी घे" इंग्रजीत कसं म्हणायचं? त्यानं सांगितलं. पलंगावर बसून ते ती घोकत होती. दुपारी मी ताट घेऊन गेले, उकडलेला बटाटा आणि थोडं बेकन. म्हणाली, झाकून ठेव, रात्री. मी म्हटलं, आई, दोन घास खा, शनिवार अजून लांब आहे. "सवय मोडेल," म्हणाली. तीन वाजता मी चहा विचारायला गेले तर ती गेली होती. भिंतीकडे तोंड करून, झोपल्यासारखी. मी खाली आले, ओव्हनमधलं ताट काढलं आणि कितीतरी वेळ ते हातात धरून उभी राहिले. ठेवू कुठे तेच कळेना. अजून टेबलावरच आहे.

तिनं उपाशी जायला नको होतं, एम्लिन. आपल्या घरात कोणी उपाशी गेलं नाही.

पाळकांनी विचारलं, माती कधी? मी शनिवार म्हटलं. तुम्ही येणारच होता. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, मग बाबांच्या शेजारी. शीलाला माझ्याजवळ राहू दे. पाव कापायला, मटण वाढायला मला माणूस हवंय आणि भाषा लागणार नाही. टोपी मी कॅरलसाठी ठेवली आहे, पिसासकट. तिला तिचं वाक्य म्हणायचं असेल तर म्हणू दे, अडवू नकोस. उत्तर मी देईन. ते चौथं वाक्य मला येतं.

मातीनंतर चॅपलच्या मागच्या खोलीत सगळ्यांचं जेवण आहे. सकाळच्या बसनं या, क्रॉसपाशी विल गाडी घेऊन उभा असेल. न्यूगलला उतरू नका. जेवण दुपारी आहे.

मार्गेड